लोखंड दादाचं, पेटी वसंताची

मार्गशीर्ष लागला की रोह्याच्या आमच्या घरामागच्या शेतांतून सुक्या पेंढ्याचा वास यायला लागतो. हल्ली त्या वासाबरोबर आवाजही येतो. ट्रॅक्टरच्या मागे लावलेलं एक लाल यंत्र शेतात विखुरलेला पेंढा गिळत जातं आणि मागून बांधलेल्या गाठी टाकत जातं. चालवणारा एकटाच असतो, कानात गाणी लावून. संध्याकाळपर्यंत सगळं शेत साफ होतं. माझी सून गच्चीवर कपडे वाळत घालताना म्हणते, "आई, काय मस्त वास येतो ना." मी हो म्हणते आणि खाली येते. मला तो वास सोसत नाही. लोकांना फुलांचे, तापाचे, औषधांचे वास नकोसे होतात. मला सुकं गवत नकोसं होतं. तोंड कडू पडतं आणि दिवसभर तसंच राहतं.

माझं माहेर पेणच्या पूर्वेला, गागोद्याकडे जाणाऱ्या वाटेवर. खाली भाताची खाचरं आणि वर डोंगराच्या अंगाला गवताचा माळ. भात घरात खायला आणि गवत बाहेर जायला, असा हिशेब. दिवाळी झाली की माळावर विळे लागत. कापलेलं गवत दोन-तीन उन्हं खाऊन सोनेरी व्हायचं, मग त्याचे भारे डोक्यावरून खळ्यात यायचे. लुगड्याच्या काष्ट्यात, केसांत, पोरांच्या अंथरुणात, भाकरीच्या पिठातसुद्धा कुसळं. पण मोकळं गवत ट्रकमध्ये मावत नाही. मुंबईच्या तबेल्यांना ते गाठी बांधूनच लागायचं. म्हणून बाबांनी, पेणच्या एका व्यापाऱ्याने वखार बंद केली तेव्हा त्याच्याकडचा जुना हातप्रेस बैलगाडीवर घालून आणला होता.

प्रेस म्हणजे माणसाहून उंच अशी सागवानी पेटी. वरून गवत भरायचं, बायकांनी आत उतरून ते तुडवायचं, मग त्यावर जाड फळी ठेवायची. पेटीच्या दोन्ही बाजूंना दात असलेल्या लोखंडी पट्ट्या होत्या आणि प्रत्येक बाजूला एक लांब दांडा. दोन माणसं दोन दांडे ओढत. दर ओढीला फळी एक दात खाली यायची आणि लोखंडाची एक खिटी त्या दातात पडून तिला तिथेच धरून ठेवायची. खिटी नसेल तर दाबलेलं गवत फळीला परत वर उचलून फेकणार. पुरेसं दाबलं गेलं की पुढचं दार उघडायचं, तारा ओवायच्या, पिळायच्या, आणि गाठ बाहेर ढकलायची. काम सोपं दिसतं. पण दोन्ही ओढी एकदम पडल्या पाहिजेत. एक बाजू पुढे गेली की फळी तिरकी होते आणि पेटीत अडकून बसते.

दसरा झाला की बाबा प्रेसची तयारी काढायचे. लोखंड पावसाळाभर तेलकट गोणपाटात गुंडाळून माळ्यावर असायचं. ते खाली उतरवायचं, गंज विटेच्या भुकटीने आणि रॉकेलने घासायचा, गाडीच्या आखाला लावतात ते वंगण दातांना चोपडायचं. पेटीला करंजेल पाजायचं. सगळं जोडून झालं की बाबा फळीवर पाण्याने भरलेली थाळी ठेवायला सांगायचे आणि दांडे हळूहळू ओढायला लावायचे. पाणी ज्या बाजूला सांडेल त्या बाजूचा नट ते ढिला करत, पुन्हा थाळी भरत, पुन्हा ओढायला लावत. कधी कधी यात अख्खी सकाळ जायची. दादा एका दांड्याला, वसंत दुसऱ्याला. दादा थोरला, मी मधली, वसंत धाकटा. आई खळ्याच्या कडेला उभी राहून "हां" म्हणायची, त्या "हां"वर दोघे ओढायचे. आईचा आवाज फार मोठा नव्हता, पण दोघांना तो नेमका ऐकू यायचा.

हे सगळं सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. दोघे तेव्हाही भांडायचेच. कुणाच्या ताटात मासळीचा मोठा तुकडा पडला, बाबांनी कुणाला पेणच्या बाजाराला नेलं, यावरून. पण बाबा होते तोवर भांडण संध्याकाळपर्यंत संपायचं. बाबा गेले त्या उन्हाळ्यात दोघांनी वाटण्या केल्या. त्या आधी मला रोह्याहून बोलावून घेतलं. मी माझा हक्क सोडला, त्याबद्दल मला साडीचोळी मिळाली. साडी हिरवी होती. आमच्याकडे कुणी बहीण हक्क सांगत नाही, मीही सांगितला नाही, आणि त्याबद्दल मला काही वाटलंही नव्हतं. वाटलं ते पुढचं पाहून.

शेत वाटलं, माळ तेवढा आईच्या नावावर होता म्हणून नावाला तसाच राहिला आणि कापायला अर्धा-अर्धा झाला. बैल वाटले. हंडे-कळशा वाटल्या. घराच्या मधोमध कुडाची भिंत उभी राहिली. मग राहिला प्रेस. गावातली चार मोठी माणसं ओटीवर बसली होती. ती म्हणाली, "आरे, हा सामायिक ठेवा. आळीपाळीने वापरा." दादा म्हणाला, सामायिक काय नको. वसंतही म्हणाला, नको. त्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. शेवटी दादाने लोखंड घेतलं आणि वसंताने पेटी. बसलेल्यांपैकी एक म्हातारा हसला, त्याला वाटलं थट्टा चालली आहे. पण दादाने त्याच संध्याकाळी पाना घेऊन नट सोडवले, पट्ट्या, दांडे, खिट्या आपल्या बाजूला नेल्या. वसंताने दोन माणसं लावून पेटी ओढत आपल्या गोठ्यामागे नेऊन टाकली.

आईचीही वाटणी झाली. दोन महिने दादाकडे, दोन महिने वसंताकडे.

त्या वर्षीचा मार्गशीर्ष मला विसरता येत नाही. माझ्या नवऱ्याला तेव्हा धाटावच्या एका कंपनीत नुकतीच नोकरी लागली होती, शिफ्टची. मुलगी कडेवरची. एका दुपारी गावाकडचा एक ओळखीचा माणूस रोह्याच्या बाजारात भेटला आणि म्हणाला, "तुझी आई आजारी हाय गो. जाऊन ये." त्याने पुढे काही सांगितलं नाही, पण त्याच्या बोलण्याच्या ढंगावरून मला कळलं की काही तरी सांगायचं टाळतोय. मी दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन एसटीत बसले.

आई ओटीवर होती. कुडाची भिंत घराच्या आत होती, ओटीवर नव्हती. ओटी कुणाचीच नव्हती. तिथे गोणपाटावर घोंगडी टाकून आई पडली होती, हिवतापाने अर्धी झालेली. मी मोठ्या वहिनीला विचारलं, "आईला आत का नाय घेतलं?"

"आमचे दोन महिने परवाच सरले," वहिनी म्हणाली. "आता त्यांच्याकडं हाय."

धाकट्या वहिनीकडे गेले. ती भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, "दुखणं लागलं ते तिकडं. बरं करून मग पाठवायचं होतं. आम्ही काय आजारी माणूस वाटून घेतला नव्हता."

मी आईजवळ येऊन बसले. मला वाटलं ती रडेल. तिने माझ्या मुलीच्या पायातलं वाळं चाचपलं आणि विचारलं, "हे चांदीचं का गो?" दोन्ही घरांतून तिला पेज येत होती, खोटं कशाला बोलू. एकदा इकडून यायची, एकदा तिकडून. कधी कुणाकडूनच येत नसे, कारण प्रत्येकाला वाटायचं दुसऱ्याने दिली असेल. मी ओटीच्या कोपऱ्यात चूल मांडली आणि तिथेच राहिले. तीन आठवडे म्हणून गेले, महिन्याहून जास्त राहिले.

दोघांचं गवत खळ्यात येऊन पडलं होतं, दोन वेगळ्या गंज्या करून. व्यापाऱ्याचा निरोप आला की ट्रक पाठवतो, गाठी तयार ठेवा. आता लोखंडाशिवाय पेटी कुचकामी आणि पेटीशिवाय लोखंड. दोघांनाही ते कळत होतं, बोलायला कुणी तयार नव्हतं. वाटणीपासून दोघांनी एकमेकांशी शब्द बोललेला नव्हता. बोलणं माझ्यावरून व्हायला लागलं.

"त्याला सांग, पेटी खळ्यात आणून ठेव," दादा माझ्याकडे बघून म्हणायचा. वसंत दहा हातांवर उभा असायचा.

"त्याला सांग, पेटी जड हाय. लोखंड इकडं आण," वसंत म्हणायचा.

मी काही सांगायचे नाही. दोघांनी ऐकलेलंच असायचं. तरी मी नुसती मान हलवेपर्यंत दोघे थांबायचे, आणि मग पुढचं बोलायचे.

शेवटी पेटी खळ्यात आली. वसंताने ती पावसाळाभर गोठ्यामागे उघडी टाकली होती. फळ्या फुगल्या होत्या, कोपऱ्याला बुरशी होती. दादाने पट्ट्या लावून पाहिल्या, भोकांना भोकं जुळेनात.

"पेटी फुगलीय. सांग त्याला. बाबा असते तर वहाण काढली असती."

"पट्टी वाकलीय. सांग. माळ्यावरून टाकली असंल पोरांनी."

दोन्ही खरं होतं. सबंध दिवस वसंत रंधा मारत राहिला आणि दादा दगडावर पट्टी ठोकत राहिला. दोघांच्या घामाचे थेंब एकाच भुश्शावर पडत होते आणि दोघे पाठमोरे होते. संध्याकाळी पट्ट्या बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दांडे लागले, वंगण लागलं. मग दोघे थबकले. नट कुठल्या बाजूचा किती पिळायचा ते बाबा बघायचे. थाळी आण म्हणून कुणी कुणाला सांगायचं? मी उठणार इतक्यात ओटीवर हालचाल झाली. आई उठली होती. भिंतीला धरत ती खाली उतरली, कळशीतून थाळी भरली आणि ती दोन्ही हातांत धरून, अर्धं पाणी लुगड्यावर सांडत, खळ्यात आली. मी धरायला गेले तर म्हणाली, "सोड. सरक."

तिने थाळी फळीवर ठेवली आणि कडेला उभी राहून म्हणाली, "हां."

दोघांनी दांडे ओढले. पाणी दादाच्या बाजूला कललं. दादाने नट सैल केला. पुन्हा "हां". दुपारपर्यंत फळी सरळ खाली उतरायला लागली.

पुढचे काही दिवस मी मूर्खासारखी सुखात होते. मी पेटीत उतरून गवत तुडवायचे, दोन्ही वहिन्या भारे आणून द्यायच्या, माझी पोर गवताच्या ढिगात लोळायची. आईचा ताप उतरला होता. खळ्यात उन्हाला बसून ती "हां" म्हणायची. दोघे अजून एकमेकांशी बोलत नव्हते, पण एकदा वसंताच्या हाताला तार लागून रक्त आलं तेव्हा दादाने आपल्या डोक्याचं फडकं त्याच्याकडे फेकलं आणि वसंताने ते हाताला गुंडाळलं. मला वाटलं, झालं, आता जमेल. आईने ते पाहिलं, पण तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ती आपल्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती.

थोरला म्हणून आधी दादाचं गवत घेतलं होतं. त्याची गंजी संपली. दुसऱ्या दिवशी सकाळी वसंत आपले भारे घेऊन खळ्यात आला तर प्रेसला खिट्या नव्हत्या. दोन्ही बाजूंच्या. पट्ट्या, दांडे, सगळं जागेवर, फक्त खिट्या काढून नेलेल्या.

मी दादाकडे गेले. तो ओटीवर बसून दात घासत होता.

"दादा, खिट्या?"

"माझ्याकडं हायत."

"वसंताचं गवत राहिलंय सगळं."

"लोखंड माझं हाय. त्याला सांग, विहिरीवरची वाट माझ्या बैलांना सोड. आज सोडली तर आज देतो."

विहिरीकडची वाट वाटणीत वसंताच्या बांधावरून गेली होती आणि त्याने तिथे काट्याचं कुंपण घातलं होतं. दादाचे बैल लांबून वळसा घेऊन पाण्याला जायचे. म्हणजे दादाची तक्रारही अगदी खोटी नव्हती. मी वसंताकडे गेले. तो म्हणाला, "गवत कुजलं तरी चालंल. वाट देणार नाय." मी आईकडे पाहिलं. आईने दादाला हाक मारली. तो आला, समोर उभा राहिला.

"दे त्याच्या खिट्या," आई म्हणाली.

"त्याच्या नायत त्या. माझ्या हायत."

"बाबांच्या हायत."

"बाबा गेले," दादा म्हणाला आणि आत गेला.

ट्रक आला, दादाच्या गाठी भरून गेला. वसंताची गंजी तशीच खळ्यात. मी दोनदा दादाच्या पाया पडले, हे आज लिहितानाही जीभ कडवट होते. मग आभाळ आलं. मार्गशीर्षात आमच्याकडे पाऊस नसतो, त्या वर्षी आला. जोराचा नव्हता, भिजभिज दोन दिवस चालला. वसंताने गंजीवर सापडेल ते टाकलं, ताडपत्री, गोणपाटं, अंथरुणंसुद्धा. ऊन पडल्यावर गंजी उघडली तर आतून वाफ निघत होती. सोन्यासारखं गवत काळं पडलं होतं आणि त्याला आंबूस घाण येत होती. बैलांनीही तोंड लावलं नाही. दादाची बायको कुडाच्या भिंतीपलीकडे भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

वसंताने कुऱ्हाड आणली आणि पेटी फोडली. मी त्याला अडवलं नाही, कुणीच अडवलं नाही. जुनं सागवान होतं, पहिल्या घावांना दाद देईना. मग एक फळी उकलली आणि बाकीचं सुटत गेलं. फोडून झाल्यावर तो बांधावर जाऊन बसला. दादा ओटीवर उभा राहून सगळं बघत होता. त्याच्या पट्ट्या आता फक्त लोखंड होत्या, पुढे भंगारात गेल्या.

आई खळ्यात गेली. वाकून एकेक ढलपी गोळा केली, पदरात घालून आणली आणि माझ्या चुलीत सारली. वर आंघोळीचं पाणी ठेवलं. मी म्हटलं, "आई, हे कशाला जाळतेस?"

"सागवान हाय," ती म्हणाली. "चांगलं जळतं."

त्या पाण्याने ती न्हाली, धुवट लुगडं नेसली आणि मला म्हणाली, "मला रोह्याला ने."

मी वाट पाहिली. मला वाटलं दोघांपैकी कुणी तरी म्हणेल, राहा. दादा म्हणाला, "हवापालट होईल." वसंत घरातून बाहेरच आला नाही. धाकट्या वहिनीने मात्र आईच्या पिशवीत थोडे तांदूळ घातले आणि डोळे पुसले. मोठीही दारापर्यंत आली. पण नका जाऊ, असं कुणी म्हटलं नाही. सगळ्यांच्या तोंडावर मोकळं झाल्यासारखं दिसत होतं, आणि तेच मला सर्वांत जास्त लागलं.

पेणला रोह्याची गाडी मिळाली. आईला खिडकीशी बसवलं. नागोठण्याच्या आसपास शेजारची एक बाई आईशी बोलायला लागली. कुठल्या, कुठे चालल्या, अंगात ताकद नाय दिसत. मग तिने विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

आई बाहेर बघत होती. शेतांत ठिकठिकाणी पेंढा पसरलेला होता.

"एक मुलगी हाय," ती म्हणाली. "रोह्याला दिलीय."

एकुलती लेक ठरल्याचा मला आनंद व्हायला हवा होता. मी मुलीला उगाच या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

आई माझ्याकडे बरीच वर्षं राहिली. माझ्या नवऱ्याने कधी वाकडा शब्द काढला नाही. ती भाजी निवडायची, शेजारच्या पोरांना न्हाऊ-माखू घालायची, कंपनीच्या भोंग्यावर घड्याळ लावायची. गावाचं नाव काढायची नाही. कुणी गावाहून आलं तर भाताची, पावसाची चौकशी करायची, मुलांची नाही. सुरुवातीला मी मुद्दाम विषय काढायचे. ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. मग मीही सोडून दिलं. गेली तेव्हा दोघे आले, एक सकाळच्या गाडीने आणि एक दुपारच्या. सगळं रीतसर केलं आणि वेगवेगळ्या गाड्यांनी गेले.

त्यानंतर किती तरी काळ लोटला. पेण-रोह्याकडे आणखी कंपन्या आल्या, रस्ते रुंद झाले, डोंगराच्या अंगाच्या जमिनींना गिऱ्हाईक आलं. आणि एका सकाळी माझ्या दारात गाडी थांबली. तिच्यातून दादा उतरला, काठी टेकत. त्याचा दुसरा हात धरून वसंत उतरला. पायरीपाशी वसंत म्हणाला, "जपून, दादा. पायरी उंच हाय."

मी दारात उभी राहिले. इतक्या वर्षांनी 'दादा' हा शब्द मी वसंताच्या तोंडून ऐकत होते.

माळ विकायचा होता. तो अजून आईच्याच नावावर होता, म्हणून माझी सही लागणार होती. कागद दोघांनी मिळून करून आणले होते. वसंताने चष्मा काढून दादाला दिला, दादाने वाचून वसंताकडे दिला. हसत होते, एकमेकांना आठवणी सांगत होते. माझी सून चहा घेऊन आली तेव्हा दादा तिला म्हणाला, "आमच्याकडं गवताचा प्रेस होता, माहीत हाय का? मी या बाजूला, हा त्या बाजूला. मधे बाबा. आणि आमची आई उन्हात बसून हाक द्यायची. काय दिवस होते ते."

"असं काम आता व्हायचं नाय," वसंत म्हणाला.

मी दोघांच्या तोंडांकडे नीट पाहिलं. खोटेपणा शोधत होते. नव्हता. त्यांना खरंच तेवढंच आठवत होतं. मधला सगळा काळ त्यांच्यातून नाहीसा झाला होता आणि एकट्या माझ्याकडे राहिला होता.

मी सही केली. नाही म्हणून काय करणार होते, माळावर आता गवतही कुणी कापत नव्हतं.

कागद पिशवीत घालताना दादा थांबला. म्हातारा झाला होता, डोळ्यांत पाणी लवकर यायचं. म्हणाला, "सुमे, आईनं इथं असताना कधी आमची आठवण काढली का गो?"

वसंतानेही मान वर केली. दोघे माझ्याकडे बघत राहिले.

"काढायची," मी म्हणाले. "रोज काढायची."

दादाने समाधानाने मान डोलावली. "काढणारच," तो म्हणाला. "आईच ती." आणि अजून अर्धा कप चहा दे म्हणून त्याने कप पुढे केला.